चार फूट अकरा इंच

माझ्या मोठ्या मामांनी आजवर जेवढ्या भिंती खाली आणल्या, तेवढ्या अमरावतीतल्या सगळ्या गवंड्यांनी मिळूनही वर नेल्या नसतील. हे वाक्य मामांनी वाचले तर ते चष्मा कपाळावर सरकवून मला तिथल्या तिथे दुरुस्त करतील, “भिंत नाई आनली खाली. भिंतीवरचं जास्तीचं आनलं.” हा फरक त्यांच्या लेखी फार मोठा आहे. मामांचे भिंतीशी वैर नाही, तिच्या शेवटच्या दोन फुटांशी आहे. रस्त्याकडच्या वॉलकंपाउंडची उंची रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर, म्हणजे चार फूट अकरा इंच. त्यावर हवी तर आरपार दिसेल अशी जाळी. आणि कोपऱ्याच्या प्लॉटला वळणापाशी भिंत फक्त अडीच फूट. बाकीच्या शहराला हा नियम घर बांधताना एकदा कानावर पडतो आणि वास्तुशांतीच्या जेवणाबरोबर पचून जातो. मामांना तो तोंडपाठ आहे, आणि जेवायला बसण्यापूर्वी लोक श्लोक म्हणतात तितक्या सहजपणे ते तो कोणालाही, कुठेही म्हणून दाखवतात.

मामांची उभी नोकरी मोजणी खात्यात गेली. वऱ्हाडातल्या काळ्या रानात दोन भावांमधला धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकला की साखळी घेऊन तिथे जायचे, आणि दोघांच्याही शिव्या खाऊन परत यायचे, असे त्या नोकरीचे स्वरूप होते. एकदा भातकुलीकडच्या एका भाजीच्या मळ्यावर ते असेच गेले. मळेवाल्याने मोठ्या अगत्याने खाट टाकली, चहा सांगितला, आणि मोजणी झाल्यावर मामांनी त्यालाच तोंडावर सांगितले की धुरा तुम्ही सरकवला आहे, हातभर. मळेवाला खवळला. तेवढ्यात चहा घेऊन आलेली त्याची मुलगी म्हणाली, “खरंच तं सांगून राहिले ते, बाबा. मागच्या साली तुमीच तं सरकवला.” ती आमची मामी. मळेवाल्याने पुढे वर्षभराने मामांना जावई का करून घेतले, हे मला कधी नीट कळले नाही. मामा म्हणतात त्याला खरेपणा आवडला. मामी म्हणायची, तिने दोन दिवस जेवण सोडले होते.

आमच्याकडे भाचीचा मान मोठा, मामाने तिच्या पाया पडायचे असते. मी अकोल्याहून गेले की मामा दारातच वाकतात, पण एकदा वाकले की लवकर उठत नाहीत. “ही फरशी एक सूत दबली बाप्पा,” असा आवाज माझ्या पायांपासून येतो, आणि मग आशीर्वाद बाजूला राहून आम्ही दोघे फरशीवर गोटी सोडून उतार बघतो. माझे लग्न ठरले त्या वेळी मुलाकडचे घर पाहायला घरची सगळी मंडळी अकोल्याला गेली होती. पोहे आले, चहा आला, मामा मात्र बैठकीत नव्हते. ते भर रस्त्यात उकिडवे बसले होते आणि त्यांच्यामुळे दोन ऑटो खोळंबले होते. आत येऊन त्यांनी हात झटकले आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना विचारले, “पोरगा चांगला आहे. पन भिंत साडेसहा फूट. काय लपवून राहिले तुमी?” सासरे जागच्या जागी गार झाले. लग्न झाले ते केवळ माझ्या वडिलांच्या गोड बोलण्याने. पण लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात सासऱ्यांनी भिंतीचा वरचा दीड फूट गुपचूप उतरवला. हवा येत नाही, असे कारण त्यांनी सांगितले. मामांचे नाव ते आजही घेत नाहीत.

राजापेठेच्या मागच्या अंगाला मामांचे लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती, आहे. सकाळी सहापासून ट्यूशनच्या मुलामुलींच्या गाड्या तिथून अशा सुटतात की रस्ता ओलांडायचा तर आधी घरच्यांना सांगून निघावे. मामांच्या अगदी समोर कृषी केंद्रवाल्या भाऊंचे घर. माणूस दिलदार, आवाज मोठा, आणि भिंत साडेसात फूट, वर काचा रोवलेल्या. मामांची एक पद्धत होती. ते कोणाच्या पाठीमागे तक्रार करत नसत. आधी त्याच्या दारात जाऊन सांगत. “उद्या अकरा वाजता तुह्या भिंतीचा अर्ज देऊन राहिलो. चालतो का संग? बोलायचं असंन ते तथीच बोल.” कृषी केंद्रवाले म्हणाले, “काका, चोर शिरला तं तुमी भरून देसान का?” मामा म्हणाले, “साडेसात फुटाच्या मांगं चोर शिरला तं त्याले कोनी पाहतबी नाई. आरामात जेवून जाईन. पाच फूट ठेव, मी इथून पाहतो.” भिंत उतरली. त्या दिवसापासून कृषी केंद्रवाले मामांशी बोलेनासे झाले, आणि मामा मात्र दुपारी त्यांच्या घरावर खरोखरच लक्ष ठेवायला लागले, कारण तसे त्यांनी कबूल केले होते.

कोपऱ्यावर ट्यूशनवाल्या मॅडमचा बंगला. त्यांची भिंत वळणापाशी सहा फूट होती, त्यामुळे डावीकडून येणारी गाडी उजवीकडच्याला आदळल्यावरच दिसे. मामा पंधरा दिवस रोज सकाळी त्या वळणावर शिट्टी घेऊन उभे राहिले. मॅडम वैतागून बाहेर आल्या. म्हणाल्या, “काका, माझ्याकडे मुली येतात. रस्त्यावरची पोरं आत बघत बसतात, म्हणून बांधली भिंत.” मामा विचारात पडले. दुसरी बाजू बरोबर असली की ते असे पडतात, आणि तो त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. तिसऱ्या दिवशी ते नकाशा काढून घेऊन गेले. वळणापाशी भिंत अडीच फूट, वर नियमात बसणारी जाळी, जाळीवर गोकर्णीचे वेल, आणि मुलींचा वर्ग मागच्या खोलीत. मॅडमनी भिंत उतरवली. नकाशाबद्दल आभार मात्र मानले नाहीत.

मामा नुसते खाली ओढणारे होते असेही नाही. लेआउटमधला रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा तो चांगला वीतभर वर आला. उंची रस्त्याच्या मध्यापासून मोजायची, म्हणजे भिंती आपोआप वीतभर बुटक्या झाल्या. त्या संध्याकाळी मामा घरोघर फिरले आणि ज्यांची भिंत त्यांनी उतरवली होती त्यांना दारात उभे राहून म्हणाले, “तुमाले आता वीतभर वाढवता येते. हक्क आहे तुमचा, सोडू नका.” कृषी केंद्रवाल्यांनी न बोलता दार लावून घेतले. “ऐकलं त्यानं,” मामा समाधानाने म्हणाले.

मामी विसरायला लागली ते आधी कोणाच्या ध्यानात आले नाही. भाजीत मीठ दोनदा पडले, वरणाऐवजी दह्यात हळद गेली, आम्ही हसलो. मग एक दिवस मामा अंगणात दोडक्याचा वेल बांधत असताना ती पाण्याचा गडू घेऊन आली आणि पदर सावरून म्हणाली, “मोजनीवाले साहेब, झालं का? उनात नका राहू.” मामांनी गडू घेतला. पाणी प्यायले. “झालंच आहे,” म्हणाले. हे त्यांनी मला फोनवर सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात मला नेहमीचा ठसका शोधूनही सापडला नाही.

त्यानंतर ती घर सोडून जायला लागली. तिला भातकुलीला जायचे असे, बाबा वाट पाहत असतील म्हणून. पहिल्या वेळी राजापेठेच्या चौकात सापडली, पिशवीत पालकाची जुडी आणि मामांचा एक बूट. मामांनी फाटकाला कुलूप घातले. दुसऱ्या दिवशी मामीने बादली पालथी घातली आणि चार फूट अकरा इंचाची भिंत ओलांडली. ट्यूशनला निघालेल्या पोरींनी तिला धरून आणले. मामांनी मला फोन केला, आणि मी घाबरून ऐकत असताना म्हणाले, “बाई, सत्तरीची बाईमानूस! लुगड्यावर! एका दमात!” काळजी होतीच, पण तिच्यात थोडा अभिमानही मिसळला होता. मग त्यांनी नियमात बसणारी तीन फुटांची जाळी भिंतीवर बसवून घेतली. मामीने ती आनंदाने पाहिली. जाळीच्या भोकांत पायाची बोटे बरोबर बसतात, हे तिला पहिल्याच सकाळी कळले. लहानपणी ती मळ्यातल्या जांभळांवर चढणारी मुलगी होती. त्या दिवशी ती जाळीच्या टोकावर बसलेली असताना समोरून कृषी केंद्रवाले धावत आले आणि त्यांनी तिला उतरवून घेतले. मामांशी एक शब्द न बोलता परत गेले.

पुण्याहून मामेभाऊ फोनवर ओरडला, “बाबा, भिंत पक्की वर न्या ना! तक्रार कोण करणार आहे? तक्रार करणारे अख्ख्या लेआउटमध्ये तुम्हीच एक!”

“म्हनूनच,” मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आम्ही सगळ्यांनी समजावले. मी अकोल्याहून रजा टाकून गेले. मी म्हटले, “मामा, मामीच्या जिवाचा प्रश्न आहे.” ते म्हणाले, “मले समजते. नियमातच आहे, खरीच अडचन असली का साहेब सूट देऊ शकते. मी सूट मागीन. मिळाली तं बांधीन. दुसऱ्यांच्या उतरवल्या न आपली चोरून चढवू काय?” परवानगी येईपर्यंत काय, असे विचारले तर त्यांनी फाटकापाशी खुर्ची टाकली आणि तिच्यावर बसले. तेच उत्तर. जेवण तिथे, पेपर तिथे, दाढीसुद्धा तिथे. मामी अधूनमधून येऊन “साहेब, वाट द्या” म्हणायची, आणि मामा म्हणायचे, “मोजनी चालू आहे बाई. थोडं थांबा.” ती थांबायची. मोजणीच्या माणसाला तिच्या घरात मान होता.

अर्ज देताना नगररचनेच्या खिडकीवरच्या कारकुनाने मामांना ओळखले आणि नेहमीची वही पुढे ओढली. “बोला काका, कोणाची भिंत?”

“माही.”

“तुमच्याविरुद्ध तक्रार? कोणी केली?”

“तक्रार नाई. सूट पायजे.” कारकुनाने पेन खाली ठेवले आणि शेजारच्या माणसाला बोलावून आणले, असे मामाच सांगतात.

अर्जात एक रकाना होता, अडचणीचे स्वरूप. त्याच्यावर मामा तीन दिवस अडले. मी लिहून देते म्हटले तर नको म्हणाले. शेवटी त्यांनी लिहिले, “अर्जदाराची पत्नी भिंत ओलांडते.” एवढेच. साहेबांनी सांगितले की शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकून निर्णय देऊ, समोरच्यांची ना हरकत आणली तर लवकर होईल. मामा ना हरकत मागायला गेले नाहीत. ते कृषी केंद्रवाल्यांच्या दारात गेले आणि नेहमीच्या पद्धतीने म्हणाले, “सोमवारी अकरा वाजता माह्या भिंतीची सुनावनी आहे. तुले हरकत घ्याचा हक्क आहे. सोडू नको.” मॅडमनाही तेच सांगून आले. मी कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी आम्ही मामीला घेऊन गेलो, कारण तिला कोणाजवळ ठेवणार? मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कचेरीच्या बाकावर कृषी केंद्रवाले आधीच येऊन बसले होते, आणि त्यांच्या शेजारी ट्यूशनवाल्या मॅडम. दोघे एकमेकांशी काहीतरी बोलत होते, आम्हाला पाहून थांबले. मी मामीला घेऊन मागेच थांबले. मामा मात्र ताठ. त्यांनी दोघांना नमस्कार केला, जसा ते भिंत उतरवण्याच्या आदल्या दिवशी करत.

साहेब तरुण होते, मामांचे सगळे जुने अर्ज त्यांच्या टेबलावर गठ्ठा बांधून ठेवलेले होते. त्यांनी विचारले, “काका, तुम्हाला साडेसहा फूट बंद भिंत हवी आहे. समोरच्यांची काही हरकत?”

“हाव. आहे हरकत,” कृषी केंद्रवाले उभे राहिले. आवाज सगळ्या कचेरीला ऐकू गेला. “साहेब, या मानसानं माही भिंत उतरवली. काचा काढाले लावल्या. दोन सालं मी याच्याशी बोललो नाई. आज यानं साडेसहा फूट मागितले. माही हरकत आहे. साडेसहात काकू थांबनार नाई! मी सोता उतरवलं तिले, मले तिची चढाई मालूम आहे. मी बांधली होती तेवढी द्या याले. साडेसात!”

कचेरीत कोणीतरी हसले. मामा काही बोलणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “माझीही एक हरकत लिहून घ्या. भिंत बंद झाली की काकूंना रस्ता दिसणार नाही. त्या सकाळी माझ्या मुलींना हात करतात. आतून ओटा उंच करून द्यावा, त्यावर खुर्ची.” आणि त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. त्यांनी नकाशा काढून आणला होता. मामांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. ओट्याचा उतार चुकला होता. मी त्यांना ओळखते त्या दिवसापासून चुकलेला उतार पाहून ते गप्प बसले, हे पहिल्यांदाच.

हे सगळे चालू असताना मामी साहेबांच्या टेबलाकडे झुकली होती. तिने मामांकडे नजरेने दाखवले आणि हळूच विचारले, “साहेब, या मोजनीवाल्याचं लगन झालं काय हो?”

साहेबांनी एकदा मामांकडे पाहिले. “हो काकू,” ते म्हणाले, “झालंय.”

मामीचा चेहरा उतरला. “बरं,” ती म्हणाली, आणि पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. मामांनी खिडकीकडे तोंड फिरवले. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते, सायकल स्टँडचे पत्रे होते.

परवानगी मिळाली. सात फूट, बंद भिंत, एक वर्षापुरती. कारण कायम असल्यास मुदत वाढवून मिळेल, कारण संपल्यास भिंत मूळ उंचीवर आणावी. मामांनी ती एका सुताचीही जास्त बांधली नाही. कृषी केंद्रवाले गवंड्याशेजारी फळीवर उभे राहून ओरडत होते, अजून एक थर घे म्हणून, आणि मामा खालून ओरडत होते, हात तं लावून पाह्य. ओटाही झाला, उतार दुरुस्त करून. सकाळी मामी ओट्यावरच्या खुर्चीत बसून मुलींना हात करायची, मुली गाड्यांवरून हात करत जायच्या, आणि समोरच्या फाटकातून कृषी केंद्रवाले रोज विचारायचे, “काकू, आज चढाई नाई काय?” त्यावर मामा ओरडायचे, “तिले शिकवू नको!” त्या वर्षी ते घर फार गजबजलेले होते.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा मामा पाया पडायला वाकले नाहीत. बैठकीच्या खोलीत खाट होती आणि मामी तिच्यावर झोपली होती. पावसाळ्यात ताप आला, मामा सांगत होते, तेव्हापासून पाय उचलत नाही. डॉक्टर म्हणतात, उचलणारही नाही. भातकुलीचे नावही ती आता घेत नाही. खिडकीतून भिंतीची आतली बाजू दिसत होती, पांढरी आणि स्वच्छ. मामांच्या पुढ्यात पाटीवर कागद लावला होता. परवानगीचे वर्ष संपत आले होते.

“मामा,” मी चाचरत म्हटले, “आता तर भिंत…”

“आता तं काय?” त्यांनी मान वर केली. कृषी केंद्रवाल्यांशी, मॅडमशी, माझ्या सासऱ्यांशी ज्या आवाजात ते बोलले होते तोच हा आवाज. ते परत कागदावर वाकले आणि सुवाच्य, ताठ अक्षरात त्यांनी लिहिले, “कारण कायम आहे. अर्जदाराची पत्नी संधी मिळताच भिंत ओलांडते.”

साक्षीदारांच्या सह्या लागत होत्या. कृषी केंद्रवाले आले, त्यांनी कागद वाचला, खाटेकडे पाहिले, मग मामांकडे. पेन घेतले. “हाव,” ते म्हणाले, “कालच पाह्यलं मी.” आणि सही केली. मॅडमनी दोनदा वाचले आणि सही केली. मग कागद माझ्यापुढे आला. मामीच्या पायांवरची चादर सरकली होती; तिच्या टाचा लहान मुलीसारख्या मऊ झाल्या होत्या. मी चादर नीट केली आणि सही केली.

मामांनी कागद दोन्ही हातांत धरून पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“पटते ना वाचून?” त्यांनी मला विचारले.

“पटतं मामा,” मी म्हणाले.